संगणकांतील मितिलेखन व त्यांतील कांहीं धोके

१

कोणताहि जुना कागद हातीं आला म्हणजे संशोधक प्रथम दोन गोष्टी पाहतो : शिक्का व मिति. मजकूर कितीहि मोलाचा असो, त्यास मिति नसेल तर तो माळेंतून निखळलेल्या मण्यासारखा होतो. तो कोठें बसवावा हें ठरविण्यांत अनेक विद्वानांचीं वर्षें खर्ची पडलीं आहेत. या त्रैमासिकाच्या वाचकांस हें नव्यानें सांगावयास नको. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जुन्या दप्तरांच्या याद्या, कागदांचीं छायाचित्रें व त्यांच्या नकला संगणकावर होऊं लागल्या आहेत. आणि या नव्या कागदांवर मिति घालण्याचें काम मनुष्याच्या हातून निघून यंत्राच्या हातीं गेलें आहे. यंत्र ती मिति कोठून आणतें, कोणत्या सांच्यांत ओततें, आणि त्या सांच्यांत दोष कसा शिरतो, हें जाणून न घेतां जो दप्तर रचील, त्याच्या दप्तरावर शंभर वर्षांनंतरच्या संशोधकानें कां विश्वास ठेवावा ?

हा प्रश्न आम्ही दुसऱ्यांस शहाणपण शिकविण्यासाठीं विचारीत नाहीं. ही चूक आमच्याच हातून घडली, आणि तिच्यामुळें एका सज्जन कुटुंबास आम्हीं खोटें ठरविलें. तो प्रसंग पुढें यथास्थित सांगूं. आमचा व्यवसाय संस्कृत शिकविण्याचा. संगणकाचे प्राथमिक धडे आम्हीं निवृत्तीनंतर, साठी उलटल्यावर, आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडून घेतले. तेव्हां या लेखांत यंत्रशास्त्र्याचा अधिकार नाहीं. शास्त्राचा एक जुना विद्यार्थी नव्या शास्त्राकडे जसा पाहील तसें हें पाहणें आहे.

२

संगणकास आज्ञा देण्याच्या ज्या अनेक भाषा आहेत त्यांत कांहीं लहानसहान कामें झटपट उरकण्यास विशेष सोयीच्या आहेत. त्यांस स्क्रिप्टिंग भाषा म्हणतात. पायथॉन ही त्यांपैकीं एक. खिडो व्हान रॉसम या डच गृहस्थानें ती १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली, आणि याद्या करणें, छायाचित्रांस ओळीनें नांवें देणें, अशा कामांत आज तिचा सर्वत्र उपयोग होतो. आमचें विवेचन या भाषेस धरून आहे. इतर भाषांतहि प्रकार बहुधा असाच असतो.

आता कोणती वेळ आहे, असें या भाषेंतून यंत्रास विचारलें असतां यंत्र दिवस, मास, वर्ष यांचा विचार प्रथम करीतच नाहीं. बहुतेक संगणकांत एकच अखंड गणना चालू असते : १ जानेवारी १९७० रोजीं ग्रिनिचची मध्यरात्र झाली त्या क्षणापासून किती सेकंद लोटले. आपल्या ज्योतिषांत यालाच तुल्य अशी वस्तु फार प्राचीन आहे. ती म्हणजे अहर्गण. सिद्धांतकार कलियुगारंभापासूनचे दिवस मोजीत, आणि त्या एका संख्येवरून वार, ग्रह, तिथि हें सर्व काढीत. कलियुगारंभापासूनची संख्या अवजड होते म्हणून करणग्रंथकारांनीं जवळचा आरंभ धरिला. गणेश दैवज्ञांनीं ग्रहलाघवांत शके १४४२ हें आरंभवर्ष घेतलें, आणि संख्या लहान राहावी म्हणून अकरा अकरा वर्षांचीं चक्रें पाडलीं. यंत्राचें १९७० हें असेंच एक करणारंभाचें वर्ष होय. त्यांत पुण्य नाहीं, इतिहास नाहीं. केवळ सोय आहे.

सोयीस मर्यादाहि असते. ही संख्या जुन्या यंत्रांत ज्या जागेंत ठेवीत तींत २,१४,७४,८३,६४७ याहून मोठी संख्या मावत नाहीं. १९ जानेवारी २०३८ रोजीं आपल्याकडील सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटें ७ सेकंद होतील तेव्हां ही जागा भरेल, आणि जीं यंत्रें सुधारलीं गेलीं नाहींत तीं पुढच्याच सेकंदास १९०१ चा डिसेंबर दाखवूं लागतील. नव्या यंत्रांत जागा दुप्पट केली असल्यानें तेथें ही अडचण उरलेली नाहीं. तथापि कपाटांत जुनें यंत्र जपून ठेवणाऱ्या संस्थांनीं ही तारीख लक्षांत ठेवावी.

३

या सेकंदांच्या राशीवरून मनुष्यास वाचतां येईल अशी मिति करणें, यालाच मितीचें रूपण म्हणूं. त्यासाठीं पायथॉनमध्यें जी क्रिया आहे तिचें नांव स्ट्रफटाइम. हें नांव व तिचे संकेत सी नांवाच्या जुन्या भाषेंतून आले असून त्या भाषेच्या १९८९ च्या प्रमाणग्रंथांत ते ग्रथित झालेले आहेत.

व्याकरण शिकलेल्यास ही क्रिया समजण्यास क्षणहि लागत नाहीं. पाणिनीय शास्त्रांत ज्याच्या जागीं दुसरें येतें तो स्थानी, आणि जें येतें तो आदेश. तसेंच जीं अक्षरें केवळ खूण म्हणून जोडलीं जातात व कार्य झाल्यावर लोप पावतात त्यांस इत् अशी संज्ञा आहे. येथें टक्क्याचें चिन्ह हें इत् समजावें. त्याच्या पुढें जें रोमन अक्षर येईल तें स्थानी. यंत्र त्या जागीं वर्ष, मास किंवा दिवस यांचा आंकडा आदेश म्हणून ठेवितें आणि टक्क्याचें चिन्ह नाहींसें होतें. सांच्यांत याखेरीज जें कांहीं लिहिलेलें असेल, जसें आडवी रेघ, स्वल्पविराम, रिकामी जागा, तें जसेंच्या तसें राहतें.

मुख्य संकेत असे : मोठा वाय म्हणजे चार आंकडी वर्ष, लहान वाय म्हणजे वर्षाचे शेवटचे दोन आंकडे. लहान एम म्हणजे मासाचा आंकडा, ०१ पासून १२ पर्यंत. लहान डी म्हणजे मासांतील दिवस. मोठा एच म्हणजे चोवीस तासी गणनेनें तास. मोठा आय म्हणजे बारा तासी गणनेनें तास, आणि त्यासोबत लहान पी जोडला तरच पूर्वाह्ण कीं अपराह्ण हें कळतें. मोठा एम म्हणजे मिनिटें, ०० पासून ५९ पर्यंत. मोठा एस म्हणजे सेकंद. मोठा ए म्हणजे वाराचें पूर्ण नांव, मोठा बी म्हणजे मासाचें पूर्ण नांव. लहान जे म्हणजे वर्षारंभापासून कितवा दिवस, आणि लहान झेड म्हणजे ग्रिनिचहून किती तास-मिनिटें अंतर.

वाचकांच्या लक्षांत आलें असेल कीं येथें मोठ्या व लहान अक्षरांच्या भेदावर सर्व भिस्त आहे. नागरी लिपींत असा भेदच नाहीं. क हा क च. थोरला क आणि धाकटा क असे दोन नाहींत. त्यामुळें आमच्या पिढीच्या डोळ्यास हा भेद दिसत असूनहि मनास बोंचत नाहीं. पुढील अनर्थ यांतूनच उद्भवला.

४

२०१९ च्या पावसाळ्यांत एका जुन्या इनामदार घराण्यानें आपल्याकडील कागदांचा एक रुमाल आमच्याकडे छायाचित्रांसाठीं दिला. कागद दमट व चिकटलेले होते. आषाढांत कांहीं छायाचित्रें घेतलीं, मग जुलैच्या अखेरच्या आठवड्यांत कागद सोडवून, झाडून, सपाट केले, आणि श्रावणांत उरलेलीं छायाचित्रें घेतलीं. प्रत्येक छायाचित्राचें नांव वर्ष, मास, दिवस या क्रमानें यंत्रानें आपोआप घालावें असा सांचा आम्हीं स्वतः लिहिला होता, आणि तो पहिल्याच दिवशीं बरोबर चालला याचा आम्हांस अभिमानहि वाटला.

रुमाल परत गेल्यावर घरांतील वडील मंडळींनीं कळविलें कीं एका सनदेवरील शिक्क्याचा कडेचा भाग निघालेला आहे, तो देतेवेळीं अखंड होता. आम्हीं यादी उघडली. त्या पत्राचें एकच छायाचित्र होतें, त्यांत शिक्का भंगलेला होता, आणि छायाचित्राचें नांव होतें २०१९-०७-०६. म्हणजे ६ जुलै. म्हणजे कागद सोडविण्याच्या आधीं. आम्हीं सविनय परंतु ठाम उत्तर पाठविलें कीं शिक्का आमच्याकडे आला तेव्हांच भंगलेला होता, व त्यास छायाचित्राची मिति साक्ष आहे.

पुढें कांहीं आठवड्यांनीं यादी छापण्यासाठीं चाळीत असतां त्याच रुमालांतील दुसऱ्या एका छायाचित्राचें नांव दृष्टीस पडलें : २०१९-४३-२२. त्रेचाळिसावा मास ! अधिक मास धरिला तरी तेरावर कोणी जात नाहीं. तेव्हां सांचा पुन्हा वाचला. मासाच्या जागीं लहान एम ऐवजीं मोठा एम पडला होता. यंत्रानें आमची आज्ञा तंतोतंत पाळली होती. मासाच्या ठिकाणीं तें मिनिटें लिहीत होतें. ज्या पत्राच्या मितीवर आम्हीं एवढा भार टाकला होता तें ६ तारखेस, कोणत्या तरी तासाला सात मिनिटें झालीं असतां घेतलें होतें, इतकाच त्या नांवाचा अर्थ. तें ६ जुलै असेल, ६ ऑगस्टहि असेल. पहिल्या दिवशीं सांचा 'बरोबर चालला' याचेंहि रहस्य आता उलगडलें : त्या वेळीं मिनिटें बाराच्या आंत होतीं.

छायाचित्रें एका संचांतून दुसऱ्या संचांत उतरवितांना यंत्रानें ठेविलेली स्वतःची नोंदहि उतरविण्याच्या दिवसाची झाली होती. तिचा उपयोग नव्हता. निकाल लागला तो एका दोन रुपयांच्या पेन्सिलीनें. आमच्याबरोबर काम करणारी एक मुलगी रोज कोणतीं पत्रें घेतलीं हें आपल्या वहींत टिपीत असे. तिच्या आजोबांची संवय म्हणून ती तिथि व वारहि लिही. त्या सनदेपुढें तिच्या हातचें होतें : श्रावण शुद्ध षष्ठी, मंगळवार. ६ ऑगस्ट २०१९ रोजीं श्रावण शुद्ध षष्ठी होती व वार मंगळवार. ६ जुलै रोजीं आषाढ शुद्ध पक्ष होता व वार शनिवार. शंकेस जागा उरली नाहीं. छायाचित्र कागद सोडविल्यानंतरचें होतें. शिक्का अखंड आला नव्हता असें म्हणण्यास आमच्याकडे आता कांहींहि आधार नव्हता.

आम्ही त्या घरीं जाऊन क्षमा मागितली. त्यांनीं चहा दिला, बोलणेंहि गोड केलें. मात्र दुसरा रुमाल दिला नाहीं. तो त्यांचा अधिकार आहे, आणि त्यांनीं तो योग्य तऱ्हेनें वापरला असेंच आम्हांस वाटतें.

या प्रसंगावरून एक तत्त्व हातीं येतें. आपले पूर्वज शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथि, वार आणि कधीं कधीं नक्षत्र व घटिकाहि लिहीत. नव्या शिक्षणांत वाढलेल्यांस हा पाल्हाळ वाटतो. परंतु यांतील प्रत्येक अंग दुसऱ्याचें साक्षी असतें. तिथि चुकली तर वार बोलतो. शक चुकला तर संवत्सराचें नांव बोलतें. यंत्रानें लिहिलेल्या आमच्या आंकड्यांत साक्षीच नव्हता. सांच्यांत मोठा ए घालून वाराचें नांव लिहविलें असतें, तर २०१९-०७-०६ पुढें मंगळवार पाहून पहिल्याच दिवशीं लबाडी उघड झाली असती.

५

दुसरा विषय क्रमाचा. ०६-०८-२०१९ असें लिहिलें तर आपण ६ ऑगस्ट वाचतों. अमेरिकेंतील मनुष्य ८ जून वाचतो. दोघेहि आपापल्या रूढीप्रमाणें बरोबर आहेत, आणि म्हणूनच घोटाळा मोठा आहे. अंक कोणत्या दिशेनें वाचावे हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. संस्कृत लेखांत शक शब्दांनीं सांगतात तेव्हां एकं स्थानापासून आरंभ करितात. रस, अंक, बाण, चंद्र असें लिहिलें असतां ६, ९, ५, १ हे आंकडे उलट मांडून शके १५९६ घ्यावयाचे असतात. सुहूर सनाचे अरबी शब्दहि असेच लहानाकडून मोठ्याकडे जातात : इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हें पानिपतच्या लढाईचें साल. सुहूर सनांत वर्षारंभापासून डिसेंबरअखेर ५९९ व पुढें जानेवारीपासून ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. लढाई १४ जानेवारी १७६१ ची, तेव्हां ६०० मिळवावयाचे. या दोन्ही रीतींत घोटाळा कां होत नाहीं ? कारण रीति एकच असून ती सर्वांस ठाऊक आहे.

संगणकापुरती अशी एक रीति आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेनें १९८८ मध्यें ठरविली. तिचा अनुक्रमांक ८६०१. तींत वर्ष, मास, दिवस, तास, मिनिट, सेकंद असा मोठ्याकडून लहानाकडे क्रम असतो, वर्ष चार आंकडी आणि बाकीचे दोन आंकडी, एक आंकडा असेल तर आधीं शून्य. या क्रमाचा खरा लाभ असा कीं नांवें अक्षरानुक्रमानें लाविलीं तरी तीं आपोआप कालानुक्रमानें लागतात. दिवस आधीं लिहिला तर जानेवारीचा पहिला दिवस व डिसेंबरचा पहिला दिवस शेजारीं येऊन बसतात, आणि शकावलीची खिचडी होते. यादीच्या नांवांत हाच क्रम घ्यावा. वाचकांसाठीं छापतांना पाहिजे तर आपल्या रूढीनें ६ ऑगस्ट २०१९ असें लिहावें.

६

तिसरा धोका 'आज' या शब्दांतच आहे. आज केव्हां सुरू होतो ? आपल्या पंचांगाचा वार सूर्योदयापासून, मुसलमानी महिन्याची तारीख सूर्यास्तापासून, इंग्रजी तारीख मध्यरात्रीपासून. मराठी पत्रांत चंद्राची तारीख व तिथि दोन्ही असल्या तर संशोधकास हें भान ठेवावेंच लागतें. यंत्रानें यांत चौथा प्रकार घातला आहे. पुष्कळ संस्थांचे संगणक परदेशांत असतात आणि त्यांचें घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालतें. भारतीय प्रमाणवेळ त्याच्या पुढें साडेपांच तास. म्हणून आपल्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपांचपर्यंत अशा यंत्राची तारीख आदल्या दिवसाची असते. हें आपल्या सूर्योदयाच्या गणनेशीं जवळ जवळ जुळतें, हा केवळ योगायोग. त्यावर भरंवसा ठेवूं नये.

यावर उपाय वेळेबरोबर अंतरहि लिहिण्याचा. +०५:३० एवढें पुरे. परंतु येथेंहि एक खांच आहे. पायथॉनमध्यें साधी 'आताची वेळ' मागितली तर ती प्रदेशाचा उल्लेख नसलेली मिळते. सांच्यांत लहान झेड लिहिला तरी यंत्र त्या जागीं कांहींच ठेवीत नाहीं आणि तक्रारहि करीत नाहीं. वेळ मागतांनाच प्रदेश सांगावा लागतो. प्रदेशांच्या सर्वमान्य यादींत आपल्यासाठीं आशिया खंड व कोलकाता हें नांव आहे.

जुन्या काळच्या वेळा या प्रदेशानें काढूं जाल तर मात्र मुंबईच्या बाबतींत फसाल. साडेब्याऐंशी अंश रेखांशाची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानांत लागू झाली, तरी मुंबई शहरांत ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटें पुढची स्थानिक वेळ १९५५ पर्यंत चालत होती. म्हणजे एकाच क्षणीं आगगाडीच्या घड्याळांत व शहराच्या घड्याळांत ३९ मिनिटांचें अंतर. शिवाय दुसऱ्या महायुद्धांत कांहीं काळ देशभर घड्याळें एक तास पुढें केलेलीं होतीं. १९२० किंवा १९४३ मधील एखाद्या सभेची वेळ यंत्रांत भरतांना त्या कागदांतील वेळ कोणत्या घड्याळाची हें आधीं ठरवावें.

७

शेवटचा धोका सर्वांत गंभीर आहे, कारण त्यांत यंत्र चुकत नाहीं आणि कागदहि चुकत नाहीं, तरी निर्णय चुकतो. वार हा साक्षी, असें वर म्हटलें. तेव्हां एखाद्या उत्साही तरुणास सुचेल कीं सर्व यादी यंत्रांत घालून प्रत्येक तारखेचा वार काढावा, तो कागदांतील वाराशीं ताडून पाहावा, आणि जेथें जमणार नाहीं तेथें 'संशयित' असा शेरा मारावा. असा एक प्रयत्न आमच्या पाहण्यांत आला. त्यांत सतराव्या शतकांतील झाडून सारे कागद संशयित ठरले होते.

शिवराज्याभिषेकाचें उदाहरण घेऊं. शके १५९६, आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. रूढ इंग्रजी तारीख ६ जून १६७४. जेधे शकावलींत नोंद शुक्रवारची, द्वादशीच्या दिवसाची असून तीन घटिका रात्र उरली असतां महाराज सिंहासनीं बसले असें आहे. तीन घटिका म्हणजे ७२ मिनिटें. सूर्योदय झालेला नसल्यानें शकावलीकारास तो शुक्रवारच; मध्यरात्रीपासून वार मोजणाऱ्यास तो शनिवार. या दोहोंत विरोध नाहीं. परंतु पायथॉनला ६ जून १६७४ चा वार विचारा. तें निःशंकपणें बुधवार सांगतें. शिवजन्माचेंहि तसेंच. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. रूढ तारीख १९ फेब्रुवारी १६३०. यंत्राचें उत्तर मंगळवार.

याचें कारण असें. यंत्र ग्रेगरीची सुधारलेली गणना भूतकाळांत कितीहि मागें नेतें. ती त्या काळीं त्या लोकांत प्रचलित होती कीं नाहीं हें तें पाहत नाहीं. पोर्तुगालनें ही गणना १५८२ च्या ऑक्टोबरांतच घेतली. त्या वर्षीं ४ तारखेच्या दुसऱ्या दिवशीं १५ तारीख झाली. इंग्रजांनीं मात्र ज्यूलियन गणना १७५२ पर्यंत सोडली नाहीं. तेव्हां त्यांच्याकडे २ सप्टेंबर, बुधवार, याच्या दुसऱ्या दिवशीं १४ सप्टेंबर, गुरुवार आला. त्यामुळें एकाच दिवशीं मुंबईकर इंग्रज आपल्या पत्रावर ६ जून घालीत असतां पोर्तुगीज गणनेनें १६ जून होत असे. मराठ्यांच्या इतिहासांत सतराव्या शतकाच्या ज्या तारखा रूढ आहेत त्या बहुधा इंग्रजी जुन्या गणनेच्या आहेत. यंत्रास १६ जून १६७४ विचारलें तर तें बिनचूक शनिवार सांगतें; १ मार्च १६३० विचारलें तर शुक्रवार.

अंतर दहा दिवसांचें, आणि दहांतून सात गेले म्हणजे तीन उरतात. म्हणून त्या शतकांत यंत्राचा वार नेमका तीननें मागें पडतो. १७०० च्या फेब्रुवारीनंतर अंतर अकरा दिवसांचें होतें, व वार चारनें मागें पडतो. १७५२ नंतर भेद नाहींसा होतो. पानिपतच्या दिवसाचा वार यंत्र बुधवार सांगतें, तोच खरा. ज्या यादींत सर्व वार एकाच अंकानें चुकलेले दिसतात ती यादी बनावट नव्हे. तेथें गणना निराळी आहे, एवढेंच समजावें. गंमत अशी कीं युनिक्स पद्धतीच्या संगणकांत कॅल नांवाची जी जुनी आज्ञा आहे तिला १७५२ चा सप्टेंबर दाखविण्यास सांगितलें तर ती अकरा दिवस गाळून दाखविते; त्याच यंत्रांतील पायथॉन मात्र ते दिवस असल्यासारखे मोजतें. एकाच घरांत दोन पंचांगें नांदतात.

तिथीविषयीं दोन शब्द. तिथि काढण्याचें साधन पायथॉनच्या मूळ भाषेंत नाहीं. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेंत 'भारतीय' म्हणून जें पंचांग मिळतें तें २२ मार्च १९५७ पासून सरकारनें स्वीकारलेलें राष्ट्रीय पंचांग होय. त्यांत शक आहे, चैत्रादि नांवेंहि आहेत, परंतु मास सौर आहेत. त्याची 'श्रावण ६' ही श्रावण शुद्ध षष्ठी नव्हे. नामसादृश्यानें येथें मोठी फसगत होईल. जुन्या मितीसाठीं सूएल व शं. बा. दीक्षित यांचा १८९६ चा ग्रंथ, स्वामिकण्णू पिळ्ळे यांचीं कोष्टकें, किंवा आपली खरे जंत्री हींच उघडलीं पाहिजेत.

८

आतां निष्कर्ष सांगतों. यादींतील नांवांत वर्ष, मास, दिवस हा क्रम ठेवावा, वर्ष नेहमीं चार आंकडी असावें. वेळ चोवीस तासी असावी व तिच्यापुढें ग्रिनिचपासूनचें अंतर अवश्य असावें. वाराचें नांव साक्षी म्हणून ठेवावें. नवा सांचा लिहिल्यावर तो निदान दोनदां, एकदां मिनिटें बाराच्या वर गेलीं असतांना, तपासून पाहावा. आणि दिवसहि बाराच्या पुढचा निवडावा, म्हणजे मास व दिवस यांची अदलाबदल लपणार नाहीं. १७५२ पूर्वीच्या तारखा यंत्राच्या तारखेच्या रकान्यांत घालूं नयेत. त्या कागदांत जशा असतील तशा अक्षरांनीं लिहाव्या, आणि गणना ज्यूलियन कीं ग्रेगरीची हें शेजारीं नोंदवावें. कागदाची मिति व यादीची मिति यांचे रकाने निराळे असावेत.

या सर्वांवर एक नियम आम्हीं आमच्यापुरता केला आहे. यंत्रानें मिति घातली तरी शेजारीं एक वही उघडी असते, आणि जो कोणी त्या दिवशीं काम करितो तो तींत तिथि व वार आपल्या हातानें लिहितो. त्या मुलीनें आता दुसरीकडे नोकरी धरली आहे. तिची पहिली वही आम्हीं त्या रुमालाच्या छायाचित्रांबरोबर ठेविली आहे, कारण त्या दप्तराची खरी मिति तींतच आहे. चुकीचीं नांवेंहि आम्हीं बदललेलीं नाहींत. प्रत्येक नांवापुढें खरी तारीख लिहून खालीं टीप दिली आहे कीं मासाच्या जागीं मिनिटें पडलीं तीं संपादकाच्या अज्ञानानें. पुढें जो कोणी ही यादी चाळील त्यास त्रेचाळिसावा मास दिसेल, आणि त्याचें कारणहि तेथेंच सांपडेल.